शर्वरीचा जंत

"आज तरी चालेल ना शर्वरीचा जंत?" हेमलताने विचारलं. लेकीचं बिघडलेलं जनुक घातलेला प्रयोगशाळेतला तो इवलासा जंत आठवडाभर नुसता वेटोळं करून पडला होता. काल त्याला दुरुस्तीचं औषध दिलं होतं. त्याला गुण आला, तरच ते शर्वरीला मिळणार होतं.

संशोधक रुक्साना मॅडमनी काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने जंताच्या डोक्याला हळूच टोचलं. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तो सरळ मागे सरकला.

हेमलताचा चेहरा पडला. "मागे गेला हो!"

"अहो, मागेच जायला हवा! डोक्याला टोचल्यावर कोणी पुढे येतं का? त्याच्या नसा जुळल्या, ताई."

व्हीलचेअरवरची शर्वरी खिदळली. "आई, जंताला कळलं, तुला नाही!"

डोळे पुसत, हसत हेमलताने इंजेक्शनसाठी लेकीची बाही वर सारली.