अटकता व्हिडिओ

मोबाइलच्या पडद्यावर बिबट्या पोत्यांच्या उंच थप्पीवर पसरलेला दिसला, आणि चित्र पुन्हा अटकलं.

"का झालं?" गोपालनं विचारलं.

"अटकून राह्यला, भाऊ. थांब जरा."

लोकेशच्या हातातला रिमोट घामानं निसटत होता. त्याचा ड्रोन राइस मिलच्या टिनाच्या शेडमध्ये घोंघावत होता, आणि ही सगळी मंडळी बंद शटरबाहेर त्याच्या मोबाइलवर वाकली होती. आत सॅटेलाइटचा सिग्नल मिळत नसल्यानं ड्रोन एका जागी ठरत नव्हता, हळूहळू भरकटत होता.

चित्र परत आलं तेव्हा थप्पी पडद्यावर नव्हती. धान भरडायचं यंत्र दिसत होतं, आणि त्याच्यामागे दबून बसलेला बिबट्या.

"आवाजानं घाबरून खाली उतरला," डॉक्टर करिश्मा म्हणाल्या. त्या वनविभागाच्या पशुवैद्य. "बरंच झालं. तिथं बसला तर मागच्या खिडकीतून नेम लागते."

त्यांचं बोलणं सगळ्यांनाच पटलं.

गोंडपिपरीच्या वाटेवरची ही मिल. सकाळी पोचू नावाच्या मजुरानं शटर वर केलं, आत गुरगुर ऐकली आणि तसंच धाडकन खाली ओढलं. तेव्हापासून तो एकच सांगत होता, "आवाज इकडूनबी येते, तिकडूनबी येते."

"टिन हाय ना बाप्पा, घुमते," गोपालनं त्याला समजावलं.

वनविभागाचा ड्रोन मोठा, झरोक्यातून आत जाईना. म्हणून वनरक्षक गोपालनं आपल्या धाकट्या भावाला बोलावलं होतं. लोकेश लग्नांचे व्हिडिओ काढायचा. त्याचा ड्रोन तळहाताएवढा, पंख्यांना जाळी लावलेला. एरवी तो नवरदेवाच्या डोक्यावर घिरट्या घालायचा, आज बिबट्याच्या.

डॉक्टर बाहेरूनच इंजेक्शन मारणार होत्या. पण बेशुद्ध जनावराजवळ जाळी घेऊन पहिला जाणार होता गोपाल. लोकेशला सकाळपासून काळजी होती ती याचीच.

त्यात हा व्हिडिओ. गेल्या महिन्यात राजुऱ्याच्या एका लग्नात त्यानं हॉलमध्ये ड्रोन उडवला आणि चार लोकांत हसं करून घेतलं. नवरीचा बाप सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पोरीनं माळ उचलली, अन् सीध्धी नवरदेवाच्या गळ्यात दिसली. मधातलं कुठी गेलं?" त्या दिवसानंतर लोकेशनं ड्रोनमधलं मेमरी कार्ड बदललं होतं. नवं, महागाचं.

"हे असं अटकत राह्यलं तर मी नेम कसा धरू?" डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात धार होती. "तो जागचा हलला तर मले लगेच कळलं पाहिजे."

लोकेशनं मागे पाहिलं. शंभर-दीडशे बघे जमले होते. फुकटची जत्रा, जो तो मोबाइल उंचावून लाइव्ह दाखवत होता.

"भाऊ, यांचे हॉटस्पॉट, वायफाय बंद कराले लाव. आधीच टिन, त्यात हे. सिग्नल मरते."

गोपालनं काठी आपटत गर्दीला मागे रेटलं. लोकेशनं चॅनेल बदललं, मोबाइलवर येणाऱ्या चित्राची क्वालिटी उतरवली. तरी चित्र धक्के खातच होतं. मग त्यानं पोचूला झरोक्याची दुसरी फळी काढायला सांगितली. आत उजेड शिरला, सिग्नललाही वाट मिळाली आणि चित्र अंगावरची मरगळ झटकावी तसं चालू लागलं.

बिबट्या यंत्रामागेच होता. शेपटी हलताना स्पष्ट दिसत होती.

"हा, आता कसं," गोपाल म्हणाला. त्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. लोकेशच्या जिवात जीव आला. आता त्यानं ड्रोन यंत्रासमोर रेटून धरला, कुठेही वळू दिला नाही.

"हलला का?" खिडकीपाशी गेलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाई, मॅडम. तिथीच हाय."

फट्कन आवाज झाला. बिबट्या दचकला, गरकन फिरला आणि थोड्या वेळानं मान टाकून आडवा झाला. डॉक्टरांनी खिडकीतून लांब बांबू घालून त्याला डिवचलं. तो हलला नाही.

"चला. औषधाचा जोर उतरायच्या आत पिंजऱ्यात गेला पाहिजे."

बॅटरी लाल झाली होती. लोकेशनं ड्रोन बाहेर काढला. शटर अर्धं वर झालं आणि गोपाल जाळी खांद्यावर टाकून वाकून आत शिरला, मागून दोन मजूर.

"सांभाळून, भाऊ."

"झोपला तो. तू काऊन घाबरून राह्यला?"

लोकेश जीपच्या सावलीत टेकला. हातांना काही तरी काम हवं म्हणून त्यानं कार्ड काढून मोबाइलला लावलं. पडद्यावर हवेतून येतं ते अटकतं. ड्रोननं खरंखुरं टिपलेलं सगळं कार्डात राहतं. रविवारी पुन्हा हॉलमधलंच लग्न होतं. नवं कार्ड तरी दगा देत नाही ना, एवढंच त्याला बघायचं होतं.

चित्र तेलासारखं सरळ चाललं होतं, एक धक्का नाही. त्याला बरं वाटलं. मुद्दाम त्यानं ती अटकलेली जागा काढली.

आतून गोपालचा आवाज आला, "मॅडम, इकडून जागा नाई. थप्पीच्या बाजूनं उचलून आणतो."

पडद्यावर ड्रोन थप्पीवरून हळूहळू वळत होता. उजव्या कडेनं यंत्र आत आलं, यंत्रामागे बसलेला बिबट्या आला. डाव्या कडेला, थप्पीवरचा बिबट्या अजून उठलेला नव्हता.