स्वीडनची पद्धत

मद्रासच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याचे कार्मिक अधिकारी उमाकांत देवधर १९८४ साली युरोपचा अभ्यासदौरा करून परतले आणि आजारपणाच्या रजेचे नियम त्यांनी शास्त्रशुद्ध करायला घेतले. नव्या नियमांखाली पहिली रजा मागायला आला तो तंजावरी फिटर दत्ताजी. कावीळ अंगात घेऊन, दक्षिणेकडच्या तांबरममधल्या घरून गाड्या बदलत, अख्खे मद्रास ओलांडून तो पोहोचला होता.

"सार, डॉक्टर म्हणाले, अंथरूण सोडलं तर जगायची हमी नाही. रजा मिळेल ना?"

"मिळेल म्हणजे काय, दत्ताजी! जर्मनीत आजारी कामगाराला पूर्ण पगार देतात, आपणही देणार. स्वीडनमध्ये तर रोगी खरोखर विश्रांती घेतो की नाही, हे पाहायला निरीक्षक घरी जातो. तीही पद्धत आपण स्वीकारली आहे."

"धाडा सार, जरूर धाडा. आमची बायको कृष्णवेणी त्यांना गरम फिल्टर कापी करून देईल."

"छे हो! निरीक्षकाला रोज तांबरमपर्यंत धाडणं आपल्या देशाला कसं परवडेल?" देवधर समजुतीने म्हणाले.

 

"तुम्हीच रोज सकाळी इथे यायचं, आणि घरी झोपून आहात हे दाखवून जायचं."