काकूचा दिवा

डोंगरावरच्या काकूच्या लाकडी घरापर्यंत विजेच्या तारा पोचणं शक्यच नव्हतं. म्हणून वायरमन पुतण्या सोलरचं पॅनेल आणि भरलेली बॅटरी पाठीवर लादून निघाला. दिवेलागण टळून गेली, शेवटच्या वळणावर अंधारात गुडघा फुटला, तेव्हा कुठे पोचला. पॅनेल सकाळी छपरावर चढवायचं होतं, पण त्याला दम कुठला! बॅटरीवरचा एकुलता एक दिवा त्याने चुलीच्या वर टांगला आणि ऐटीत बटण दाबलं.

"कसं वाटतंय, काकू?"

"झकास!" म्हणत काकू चहा टाकायला उठली आणि गडबडली. डोळे दिपलेले. साखरेऐवजी मिठाचा डबा हाती आला, पातेलं कलंडलं. शेवटी वैतागून तिने डोळे गच्च मिटले, आणि झरझर हात चालवून चहा उकळत ठेवलासुद्धा. पुतण्याने तोंडात बोटं घातली.

"अगं, मग दिव्यासाठी वर्षभर माझा जीव का खाल्लास?"

काकूने त्याच्या गुडघ्यावर ओलं फडकं दाबलं. "काढ तो इथून आणि दाराबाहेर लाव. मला घर पाठ आहे रे. येणाऱ्याला वाट पाठ नसते."