भेसळीचा दात

“थांबा. त्यात काय मिसळून राह्यले तुमी?”

खुर्चीत आडव्या पडलेल्या उकंडरावांनी डॉक्टरांचा हात धरला. काचेच्या पट्टीवर चिकट रसाचा थेंब होता आणि डॉक्टर त्यात पांढरी भुकटी कालवत होते, चांगली ढीगभर.

“काच आहे. बारीक दळलेली.”

उकंडराव उठूनच बसले. शेलूबाजारच्या अडतीत ज्वारी वाळली की ओली, हे त्यांनी दाणा चावून सांगायचं आणि मगच माल काट्यावर चढायचा. समोरचा दात मोडला तसा अडत्या त्यांना विचारीनासा झाला होता. आणि हा अकोल्याहून इथं आलेला डॉक्टर त्याच दातात काच भरायला निघाला होता.

“भुकटी कमी टाका. रसच जास्त राहू द्या. आमाले भेसळ समजते, साहेब.”

“रस जास्त झाला तर दात लवकर झिजेल. ताकद या भुकटीतच आहे.”

“भेसळवाला बी असंच सांगते.”

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी दोन गोळ्या केल्या, एक भुकटी कमी घालून, एक भरपूर घालून. दोन्ही घट्ट झाल्यावर उकंडरावांच्या तळहातावर ठेवल्या. पहिली दाढेखाली चेपली. दुसरीनं दाढेला दाद दिली नाही. उकंडरावांनी ती उजेडात धरली, हुंगली, पुन्हा चावली.

“भरा. पण माह्यासमोर कालवा.”

दात भरून ते बाहेर आले तेव्हा पायरीवर आसेगावची विमलबाई बसली होती. अडत्यानं तिची ज्वारी ओली म्हणून बाजूला काढली होती. अडत्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. उकंडरावांनी सांगितलं तरच ती माल परत नेणार होती. तिनं पदराची गाठ सोडून मूठभर ज्वारी पुढं केली.

उकंडरावांना बरं वाटलं. कोणीतरी विचारायला आलं होतं. त्यांनी दाणा नव्या दाताखाली धरला. वाळल्या दाण्याचा कट असा आवाज आलाच नाही. दाणा नुसता दबला.

“ओली हाय, बाई.”

विमलबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

“ज्वारी ओली हाय का दात खोटा हाय? मी दारातून समदं पाह्यलं. काच भरली त्यानं. बाजूच्या दातानं चावा, भाऊ. तुमच्या सोताच्या.”

उकंडरावांनी दुसरा दाणा उचलला. नवा दात जिभेनं एकदा चाचपला, आणि दाणा हळूच शेजारच्या दाताखाली सरकवला.