आधी तू सांग

गुरुवारी चार वाजता आजींनी दार उघडलं आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "बोला." चाळीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी केली होती. नोकरी सुटली तरी 'बोला' काही सुटलं नव्हतं.

पाहुणीने बूट काढले आणि खुर्चीत बसली. विद्यापीठात तिला सगळे पाहुणीच म्हणत. समुद्रापलीकडच्या तिच्या विद्यापीठाचा इथल्या विद्यापीठाशी करार होता. एकटेपणा माणसाची तब्येत कशी पोखरतो, याचा अभ्यास दोन्ही विद्यापीठांनी मिळून चालवला होता आणि त्यापायी ती वर्षभरासाठी इथे आली होती. दर गुरुवारी आजींकडे जायचं, वीस प्रश्न विचारायचे आणि उत्तरं कागदावर उतरवायची, एवढंच तिचं काम.

प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. गुण जितके जास्त, तितकं माणूस एकटं. बेरीज सलग दोन आठवडे दहाच्या खाली आली, की माणूस सावरलं असं समजायचं आणि भेटी बंद करायच्या. हा नियम दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी म्हणे सहा महिने वाद घालून ठरवला होता.

"या आठवड्यात जेवायला सोबत कुणी होतं का?" तिने पहिला प्रश्न विचारला.

"आधी तू सांग, मग मी सांगते," आजी म्हणाल्या.

हे पहिल्या दिवसापासूनचं. सुरुवातीला पाहुणीला ते विचित्र वाटलं होतं. अभ्यासाची माहिती देणारं, विभागाने आजींसाठी दिलेलं पत्र तिने त्यांना शब्दन् शब्द वाचून दाखवलं होतं, पण त्यात असं काही नव्हतं. तिने विभागातल्या मॅडमना विचारलं, तर त्या घाईत होत्या. "विचारू देत की. सांगत जा," म्हणून निघून गेल्या. तेव्हापासून वीसच्या वीस प्रश्न दोनदा होत. आजी मांडीवर वर्तमानपत्राची घडी ठेवून पेन्सिलीने काहीबाही टिपत. कोडं सोडवत असाव्यात. दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही, हे वळण पाहुणीला घरचंच होतं.

"मैत्रिणींबरोबर जेवले," पाहुणी म्हणाली. "रोजच. हसून हसून पोट दुखतं नुसतं."

खरं म्हणजे रविवारपासून ती कुणाशीही बोलली नव्हती. सोमवारी तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणला. घरात चार वड्या पडून होत्या. पण दुकानदार "आणखी काही?" असं विचारतो, तेवढं ऐकायचं होतं. हे आजींना कसं सांगणार? आपण तपासायला आलोय, आपलीच रड कुठे गात बसायची? शिवाय दर रविवारी आईला फोनवर हीच उत्तरं दिलेली असत, त्यामुळे ती तोंडपाठ होती.

"रात्री झोप लागते?"

"लागते की. पडल्या पडल्या."

"कुणाला मनातलं सांगावंसं वाटलं, तर माणूस आहे?"

"भरपूर आहेत," पाहुणी म्हणाली. आजींनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग मान खाली घातली आणि पेन्सिल चालवली.

आजींची स्वतःची उत्तरं मात्र हल्ली काळजीत टाकणारी होती. शेजारीण रोज येते, भाची फोन करते, बागेत चौघीजणी जमतात. बेरीज सात. मागच्या गुरुवारीही सातच होती. तेव्हा पाहुणीने जिन्यात बसून सातचे चौदा केले होते. आज पुन्हा केले. ही शुद्ध लबाडी होती आणि ती तिला चांगली कळत होती. पण भेटी बंद झाल्या तर आठवड्यात गुरुवार उरत नव्हता. नुसते सात दिवस उरत होते.

मंगळवारी मॅडमचा निरोप आला. 'गुरुवारची भेट रद्द. त्या वेळी मला येऊन भेट.'

दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी चारला ती मॅडमच्या खोलीत शिरली आणि बसायच्या आधीच सगळं ओकून मोकळी झाली. सातचे चौदा, जिना, दोन आठवडे.

"चौदा केलेस? कुणाचे?" मॅडमनी विचारलं.

"आजींचे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, आजींचे गुण आम्ही कुठे मोजतो? एकीनेच विचारत राहिलं तर उलटतपासणी वाटते, म्हणून दोघींनी एकमेकींना विचारायचं. त्या आमच्या शिकवून तयार केलेल्या बाई आहेत. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे हा. संमतीपत्रात सगळं लिहिलंय, तुझी सही आहे."

सही होती. आल्या दिवशी, सूटकेस पायाशी ठेवून, तिने एका दमात बावीस कागदांवर सह्या ठोकल्या होत्या. वाचला एकही नव्हता.

मॅडमनी फाइल उघडून तिच्यापुढे सरकवली. वर तिचा क्रमांक होता, खाली पेन्सिलीतलं आजींचं अक्षर.

"आणि आजी?" पाहुणीने विचारलं.

"त्यांच्याकडे आजपासून नवी मुलगी. एव्हाना पोचलीसुद्धा असेल." मॅडमनी शेवटच्या दोन बेरजांवर बोट ठेवलं. सहा आणि चार. मग त्या उठल्या आणि मनापासून हसून त्यांनी हात पुढे केला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "तू आता एकटी नाहीस."