अडवून ठेवलेले ‘ळ’

चौऱ्याण्णव साली साताऱ्यात माझा खिळे जुळवायचा छापखाना होता, आणि त्यातले सगळे ‘ळ’ सांगलीच्या सुमंतसरांनी अडवून ठेवले होते. त्यांचं अख्खं खंडकाव्य ‘ळ’च्या अनुप्रासावर होतं.

“‘ळ’ अंगाईत लोळतो, लढाईत उसळतो, विरहात हळहळतो!” असं म्हणत ते प्रूफं तपासायचे आणि जुळवलेली पानं सोडवून त्यातले खिळे मला मोकळे करू द्यायचे नाहीत.

तशात वडूजचा धुळा लग्नपत्रिका छापायला आला. त्याच्या नावाला ‘ळ’ उरला नव्हता. आमच्या धंद्यात अक्षर संपलं की तिथे दुसरा खिळा तात्पुरता उलटा बसवतात. कागदावर काळा चौकोन उमटतो. तसंच प्रूफ त्याला दिलं.

दुसऱ्या दिवशी धुळा परत आला आणि त्यानं सदरा वर केला. पोटाच्या मधोमध काळा चौकोन. मी बोट लावायला गेलो, तर हात मनगटापर्यंत आत गेला. आत गार होतं.

“आवं, च्या पितोय त्यो कुटं जातोय कळंना,” धुळा म्हणाला. “फुडल्या आठवड्यात लगीन हाय. नवरीला काय सांगू?”

मी सरांचे पाय धरले. त्यांनी कुरकुरत एक ‘ळ’ दिला. पत्रिका छापली, तसा धुळ्याचा चौकोन बुजला.

सर चष्मा पुसत म्हणाले, “पुढचं काव्य ‘ह’वर आहे. उद्यापासून एकही ‘ह’ दुसरीकडे वापरायचा नाही, हरी.”

माझ्या नावात ‘ह’ पहिलाच. मी घाईघाईनं डोकं चाचपलं.

अजून होतं.