व्हर्लिनची दुरुस्ती

"आतले दिवे लागत नाहीयेत," आर्डिथ ट्रेलरच्या दारातून म्हणाली.

व्हर्लिन बाहेर खुर्चीत बसून समोरच्या निवडुंगाकडे बघत होता. "बघतो की," तो म्हणाला, पण उठला नाही. शेवटी आर्डिथनेच हत्यारांची पेटी आणून त्याच्या पायाशी ठेवली.

घरदार विकून नवराबायको या ट्रेलरमध्ये राहायला आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. उन्हाळ्यात मोंटानाचे डोंगर, थंडीत अ‍ॅरिझोनाचं हे वाळवंट. नदीकाठी मुक्काम करावा, सकाळी पडदा सारावा आणि समोर हरणं पाणी पीत असावीत, असली सुखं आर्डिथने या चाकांवरच्या घरात भोगली होती. फजित्याही काही कमी झाल्या नाहीत. एकदा वाऱ्याने बाहेरचं कापडी छत उडालं ते थेट शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन बसलं. एकदा सांडपाण्याची नळी सुटली आणि व्हर्लिनचे नवे कोरे बूट भरले. त्या दिवशी दोघं पोट धरधरून हसली होती.

मग व्हर्लिनचं डोकं दगा द्यायला लागलं. आधी रस्ते गेले, म्हणून ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं स्टिअरिंग आर्डिथने हाती घेतलं. मग नावं गेली. आताशा सकाळी उठला की तो तिला, "बाई, तुम्ही इथं कामाला असता का?" असं अदबीनं विचारायचा. ती अदब तिला शिवीपेक्षा जास्त लागायची.

त्यांची मुलगी जनेल टूसॉनला राहायची. तिनं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "आई, बाबाला गाडीची दुरुस्ती जमतेय तोवर खुशाल फिरा. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी तडक इकडे या. इथल्या विस्मृतीच्या रुग्णांच्या आश्रमात त्याच्यासाठी खोली बोलून ठेवलीय. तू माझ्याकडे राहा."

"आम्हाला दोघांना एकत्र नाही का ठेवत?"

"तिथे अशाच माणसांना घेतात गं. मला शब्द दे."

आर्डिथने शब्द दिला होता.

आणि नेमका याच हिवाळ्यात बिघाडांनी उच्छाद मांडला. आधी हीटर पेटेना. व्हर्लिनने तो अख्खा खोलला, दुपारभर जमिनीवर आडवा पडून. "आर्डी, टॉर्च नीट धर. चाळीस वर्षं सांगतोय, उजेड माझ्या हातावर पाड, टकलावर नको." कित्येक दिवसांनी त्यानं तिला नावानं हाक मारली होती. हीटर पेटला तेव्हा आर्डिथने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "रडतेस काय वेड्यासारखी? हीटर पेटलाय, घर नाही पेटलं," तो म्हणाला. त्या दिवशी जेवताना त्यानं तिच्या बटाट्यांना नावंसुद्धा ठेवली. तिला ते गोड लागलं.

मग पाण्याच्या पंपाची वायर निघाली. ती जोडायला व्हर्लिनला वेळ लागला, पण जमलं. मग सिंकखालचा पाइप ढिला झाला. तेव्हा त्यानं पाना उलटा धरला होता. आर्डिथचा जीव नुसता टांगणीला लागला. खूप वेळानं त्याच्या तोंडून "आर्डी, बादली" एवढंच निघालं, आणि ती बादली घेऊन धावली.

शेजारच्या ट्रेलरमधला डेल हा मिनेसोटाचा निवृत्त पोस्टमन. शेकोटीला बोलवायला यायचा तेव्हा चेष्टा करायचा. "तुमच्या गाडीला कुणाची दृष्ट लागलीय, कळत नाही. एक मात्र बरं, दुखणी दिवसेंदिवस लहान होत चाललीत."

आर्डिथला त्यात बरं काही दिसत नव्हतं.

व्हर्लिन एकदाचा उठून आत आला. पलंगाखाली फ्यूजचा डबा होता. त्यानं गुडघे टेकून झाकण उघडलं. रंगीबेरंगी फ्यूज ओळीनं बसलेले होते, आणि मधलीच एक जागा रिकामी होती, पडलेल्या दाताच्या जागेसारखी. आर्डिथने टॉर्चचा उजेड बरोबर त्याच्या हातावर पाडला. बघत मात्र ती त्याच्या तोंडाकडे होती.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"रंग छान आहेत."

"नीट बघ, व्हर्लिन. काही कमी आहे का तिथे?"

त्यानं बघितलं. बोट उचललं, रिकाम्या जागेपर्यंत नेलं आणि तिथून पुढे नेलं. मग त्यानं झाकण हलक्या हातानं लावून टाकलं आणि संकोचून तिच्याकडे बघितलं.

"तुमचे यजमान कुठे आहेत, बाई? असली कामं त्यांना सांगितलेली बरी."

आर्डिथने टॉर्च विझवला आणि डेलला हाक मारली.

डेलनं झाकण उघडलं न उघडलं तोच तो हसला. "अहो, इथं फ्यूजच नाहीये. जळालेला नाही, जागेवरच नाही. पडला की काय कुठे?"

"पडला असेल."

डेलनं स्वतःच्या गाडीतला एक आणून बसवला. दिवे लागले. "एवढंसं तर काम होतं. उगाच घाबरलात," असं म्हणून तो गेला.

व्हर्लिन पुन्हा बाहेर खुर्चीत जाऊन बसला होता. आर्डिथ पायरीवर बसली आणि तिनं जनेलला फोन लावला.

"आम्ही उद्या निघतोय. खोली ठेव."

"काय बिघडलं होतं?"

"दिवे."

पलीकडे जनेल रडायला लागली. आर्डिथला रडू येत नव्हतं, आतून सगळं संपल्यासारखं झालं होतं.

फोन ठेवून तिनं स्वेटरच्या खिशातला फ्यूज काढला आणि वाळूत टाकून दिला. सबंध गाडीत याहून सोपं बिघडवण्यासारखं तिला काही सापडलं नव्हतं.